अकरा उतरंडी

दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला उजाड माळाचं भय वाटत नाही, असं पाऊसपाण्याच्या गावातले लोक समजतात. खरं उलटं आहे. उजाड माळ काय करू शकतो हे त्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जगाच्या पाठीवर कुठंही गेला तरी तो माळ त्याला ओळखू येतो, आणि माळालाही तो ओळखू येतो.

सरलाबाई जगदाळे माण तालुक्यातल्या एका वाडीवर जन्मल्या. बहात्तरच्या दुष्काळात, अठराव्या वर्षी, आईच्या शेजारी बसून त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली. चार वर्षांनी लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या आणि रेडमंडला पावसाच्या गावात राहिल्या. नवरा प्रतापराव विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. सरलाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या आणि बावीस वर्षं त्यांनी हर रंगाच्या पोरांच्या ताटात वाढलं. एकुलती मुलगी सावनी वकील झाली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनला गेली. रेडमंडला हिवाळाभर आभाळ गळत असे. इतर बायका कुरकुरत, पण सरलाबाई कधी कुरकुरल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहून त्या ओल्या रस्त्याकडं असं बघत, जसं कुणी भरल्या कणगीकडं बघावं.

प्रतापरावांना मात्र ती ओल सोसेना. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी आरव्ही घेतली. मागं पलंग, मधे ओटा, पुढं दोन खुर्च्या, असं चाकांवरचं घर. थंडी पडली की ऊन शोधत दक्षिणेला जायचं, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटा असं वाळवंटातून हिंडायचं, डोंगर चढायचे आणि फाल्गुनात परतायचं, असं त्यांनी ठरवलं. सरलाबाईंना विचारलं नव्हतं. त्यांच्या पिढीत ते विचारायची रीत नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात ॲरिझोनात गाडी थांबली तेव्हा सरलाबाईंनी काचेतून बाहेर पाहिलं आणि त्या तीन दिवस खाली उतरल्याच नाहीत. सगळीकडं निवडुंग, मुरूम, भाजलेला दगड, आणि त्यावर ते तसंच निळंभोर, रिकामं आभाळ. "हे बघायला एवढं पेट्रोल जाळलं?" एवढंच त्या बोलल्या. चौथ्या दिवशी नवऱ्याची कीव येऊन त्या निघाल्या. फर्लांगभर गेल्यावर वाटेच्या वळणावर दगडावर दगड ठेवून केलेला एक ढीग दिसला. त्या थबकल्या.

"अहो, म्हणजे इथंही ठेवतात?"

त्यांच्या वाडीहून बाजाराच्या गावी जाताना एक खिंड लागायची. खिंडीत शेंदूर नव्हता, मूर्ती नव्हती, नुसता दगडांचा ढीग होता. जाताना एक दगड ठेवायचा, येताना एक. कुणाच्या नावानं, ते कुणी सांगत नसे. त्या जागेला सांगून ठेवायचं, की मी इथून गेले आहे, माझ्यावर नजर असू दे.

प्रतापरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. तीन दिवसांत पहिल्यांदा तो मोकळा झाला होता. तोंडातलं वाक्य त्यांनी गिळलं. "ठेवतात," ते म्हणाले.

त्या दिवसापासून सरलाबाई चालायला लागल्या. जिथं दम खायला बसत, जिथं डबा उघडत, जिथून मागं फिरत, तिथं त्या पाच दगड रचत. खाली मोठा, वर लहान. स्वयंपाकघरात मडकी रचतात तशी उतरंड. शेवटचा दगड ठेवून म्हणत, "इथवर आलो, सांभाळ." असे नऊ हिवाळे गेले. तीन राज्यांच्या वाळवंटात किती उतरंडी उभ्या राहिल्या, त्याचा हिशोब त्यांच्याकडंही नव्हता.

या वर्षीच्या दसऱ्यापासून मात्र एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती, आणि ती सरलाबाईंनी कुणाला सांगितली नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी प्रतापराव कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले आणि दोन तासांनी शेजारच्या गावातून फोन केला. हसून म्हणाले, "बोलण्याच्या नादात पुढं गेलो." कुणाशी बोलत होते ते सांगता आलं नाही. मग एकदा गॅस तसाच राहिला. मग ॲरिझोनातल्या एका बाजाराबाहेर, आपलीच गाडी समोर उभी असताना, ते रांगेरांगेनं तिला शोधत फिरले. सावनीचा दर रविवारी फोन यायचा. "बाबा कसे आहेत?" "मजेत." सावनीला कळलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी विमान पकडलं असतं, गाडी विकली असती आणि बापाला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं असतं. सरलाबाईंना ते नको होतं. गाडी चालवताना प्रतापराव अजून पूर्वीचे प्रतापराव असत. शेजारी बसून त्या हळूच सांगत, "आता डावीकडं." ते म्हणत, "ठाऊक आहे." दोघांचं बरं चाललं होतं, असं त्या स्वतःला सांगत.

नवीन वर्ष लागलं तसा त्यांनी युटाच्या दक्षिणेला एका घळीच्या तोंडाशी मुक्काम टाकला. तांबड्या कातळाचा मुलूख. कातळ असा गुळगुळीत, की हजार माणसं चालून गेली तरी पाऊल उमटू नये. कॅम्पग्राउंड जवळजवळ रिकामं होतं. वाऱ्याशिवाय आवाज नाही, आणि वाराही मधेच थांबायचा, जणू कान देऊन काही ऐकतोय.

तिथली रेंजर होती आश्लेषा. चाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर मोठी टोपी. आयसेलिनला ओक ट्री रोडवर तिच्या आईवडिलांचं साड्यांचं दुकान. पहिल्याच दिवशी आरव्हीतून फोडणीचा वास आला आणि ती दार वाजवून उभी राहिली. मग आठवड्यातून एकदा तिचं जेवण तिथंच ठरून गेलं.

त्या बुधवारी सरलाबाईंनी थालीपीठ लावलं होतं. आश्लेषा पलंगाच्या कडेला बसून खात होती.

"काकू, अमेझिंग. माझी आई फ्रोझन आणते."

"फ्रोझन थालीपीठ? ते खाता का कपाळाला लावता?"

आश्लेषाला ठसका लागला. "सगळे कझिन्स डॉक्टर झाले, काकू. मी एकटीच दगड सांभाळते. आणि यार, या वर्षी ते पण नीट सांभाळता येत नाहीयेत. कोणीतरी फॉल्स केअर्न्स बिल्ड करतंय."

"काय करतंय?"

"ते एकावर एक दगड असतात ना वाटेवर? ते केअर्न. कातळावर पायवाट दिसत नाही, सो आम्ही ते लावतो. एक दिसला की तिकडे चालायचं, मग पुढचा दिसतो. रस्त्यावरच्या बोर्डसारखं. आणि हा माणूस कुठेही बिल्ड करतो. क्लिफच्या अगदी एजवर पण! लोकांना वाटतं, वाट तिकडेच आहे."

तव्यावरचं थालीपीठ उलटायला उचललेला सरलाबाईंचा हात तसाच राहिला.

"नेहमी पाच दगड," आश्लेषा बोटं दाखवत म्हणाली. "मोठा खाली, छोटा वर. इतकं नीट, की जसे किचनमधले डबे. दोन वीक्सपूर्वी डेन्व्हरची एक लेडी त्यांना फॉलो करत गेली आणि पडली. हिप फ्रॅक्चर. नऊ तास ती तिथे एकटी पडून होती."

"जिवंत आहे?" सरलाबाईंनी विचारलं.

"आहे. चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

प्रतापराव इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी विचारलं, "सापडला तर काय करणार त्याला?"

"मी? त्याच दगडांवर बसवून ठेवणार. नऊ तास. विदाउट थालीपीठ." आश्लेषा हसली. "उद्या दुपारी वर जाऊन फोटो काढते, सगळे पाडते आणि रिपोर्ट करते. मग ऑफिसवाले येऊन सगळ्यांना विचारतील. काकू, धूर येतोय."

थालीपीठ करपलं होतं.

ती गेली. तिच्या ट्रकचा आवाज लांब जाऊन विझला.

"तुम्हाला ठाऊक होतं," सरलाबाई म्हणाल्या.

"होतं."

"नऊ वर्षं?"

"तू तीन दिवस गाडीतून उतरली नव्हतीस, सरला. दगड ठेवलास तेव्हा हसलीस." मग ते म्हणाले, "मला वाटलं, कोण बघतंय."

त्यांना रागवावं असं सरलाबाईंच्या मनात आलं, पण राग नीट पेटेना. त्यांच्या डोळ्यांपुढं एक अनोळखी बाई कातळावर आडवी पडली होती आणि पाच दगड तिच्याकडं बघत होते.

"उद्या सकाळी जाऊ," त्या म्हणाल्या. "ती यायच्या आत पाडून टाकू."

सकाळी त्यांचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. मंगळवारी त्याच घळीत त्या वरपर्यंत गेल्या होत्या, त्याचा हा मोबदला. जमिनीला पाय टेकवेना. प्रतापराव बूट चढवून तयार होते.

"मी जातो. किती आहेत?"

"अकरा." सरलाबाईंनी एकेक जागा सांगितली. पहिली जळक्या जुनिपरच्या झाडापाशी. दुसरी ओढा ओलांडून वर चढल्यावर. तिसरी तांबड्या भिंतीच्या पोटात. मग चौथी, पाचवी, अशा अकराही. "आता तुम्ही म्हणा."

प्रतापरावांनी बोटांवर मोजत म्हणायला सुरुवात केली. सात नीट आल्या. आठवी, दोन शिळांच्या फटीपाशी, तीही आली. मग ते थांबले. अंगठा करंगळीवर तसाच राहिला.

"आणि बाकीच्या तिथंच पुढं," ते म्हणाले.

त्या क्षणी सरलाबाईंनी म्हणायला हवं होतं, राहू द्या. जाऊ नका. आश्लेषाला सांगून टाकू. ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण मग त्यांना ऑफिसचे लोक दिसले, दारात उभे, हातात वही. आणि त्यांच्यामागं आश्लेषाचा चेहरा दिसला, जिनं त्यांच्या हातचं खाल्लं होतं. दुसरं कुणी त्या दगडांमागं जाऊन पडायला नको, असंही त्यांनी मनाला सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं.

"आपल्याच पाडा हं," त्या म्हणाल्या. "पाच दगडांच्या. त्यांच्या तशाच ठेवा."

"कळतं मला."

"साडेअकराला परत."

"साडेअकराला." पाठीला पिशवी लावून ते निघाले. जळक्या जुनिपरपाशी वाकलेले दिसले. दगड घरंगळल्याचा आवाज आला, कोरडा, हाडावर हाड आपटावं तसा. मग ते खडकाआड गेले.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. सरलाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक डोमकावळा आला, समोरच्या टेबलावर बसला, त्यांच्याकडं मान वाकडी करून बघत राहिला. त्यांनी हाकलला नाही. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. सावलीत ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावर सकाळचा बर्फाचा पापुद्रा अजून तसाच होता. सहाला सूर्य बुडाला की इथं कातळसुद्धा गारठतो, हे त्यांना सहा आठवड्यांत कळलं होतं.

एकला आश्लेषाचा ट्रक आला.

"काकू! काका कुठेत?"

आता तरी सांगायचं. सरलाबाई उठल्या, गुडघ्यातून कळ गेली, आणि तोंडातून शब्द आले, "गेलेत पाय मोकळे करायला. येतील. चहा घेतेस?"

त्यांनी आलं किसलं. दूध घातलं. चहाला उकळी येईपर्यंत त्या भांड्याकडं बघत उभ्या राहिल्या. प्रत्येक क्षण वर कुठंतरी त्या माणसाच्या वाट्यातून जातोय हे त्यांना कळत होतं, तरी त्यांनी कप भरला, बशी दिली, बिस्किट दिलं. आश्लेषानं चहा प्यायला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून ती वर गेली. त्या चहाच्या पंधरा मिनिटांचा हिशोब सरलाबाईंना पुढं कधीच कुणी मागितला नाही. त्या स्वतःच मागत राहिल्या.

तीनला आश्लेषा परत आली ती पळतच.

"काकू, सगळे गेलेत! सगळे केअर्न्स. फॉल्स तर गेलेच, आमचे पण. मी अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आले, एक पण उभा नाहीये. वर कोणी असेल तर त्याला खाली यायची वाटच कळणार नाही. हू डज दॅट?" बोलता बोलता ती थांबली. रिकाम्या खुर्चीकडं तिची नजर गेली. "काका आले नाहीत अजून?"

सरलाबाईंनी दाराची चौकट धरली.

"दगड मी रचलेत," त्या म्हणाल्या. "पाच पाच. सगळे. मला वाटायचं तुमच्यातही देवाला ठेवतात. ते पाडायला मी त्यांना पाठवलं. आणि त्यांना आठवत नाही, आश्लेषा. दसऱ्यापासून. कुठला आपला, कुठला तुमचा, ते वर गेल्यावर त्यांना आठवलं नसेल. म्हणून सगळे पाडले."

आश्लेषा त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग आला, मग दुसरं काहीतरी आलं, मग तिनं दोन्ही बाजूला ठेवलं आणि कमरेचा रेडिओ काढला. मदतीचे लोक तीन तासांच्या अंतरावर होते.

"मी वर जाते. तुम्ही इथे थांबा. मॅपवर दाखवा, कुठे कुठे बिल्ड केलेत."

"मला नकाशा कळत नाही. जागा कळतात."

"काकू, तुमचा गुडघा बघा. नो वे."

"तुला ठाऊक आहेत का अकरा जागा?" सरलाबाई गुडघ्याला पट्टा आवळत होत्या. "मग चल. वाटेत काय बोलायचं ते बोल मला."

आश्लेषा वाटेत काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

पहिल्या सात जागांवर पाच पाच दगड पडलेले मिळाले. मधल्या खुणांचेही ढीग विस्कटलेले होते. दगड काही पायानं नव्हते पाडले. एकेक उचलून लांब ठेवले होते, मन लावून, जसं ते प्रत्येक काम करत. प्रत्येक ठिकाणी सरलाबाई हाक मारत, "अहो!" घळीच्या भिंती ती हाक घेत आणि परत देत नसत. ऊन भिंतीवर वर वर चढत चाललं होतं. खाली निळी सावली साचत होती, विहिरीत पाणी चढावं तशी.

आठव्या जागी, दोन शिळांच्या फटीपाशी, दगड पडलेले होते. आणि तिथून पलीकडं, गुळगुळीत उताराच्या तळाशी, नववी उतरंड उभी दिसत होती. अगदी घळीच्या ओठावर. पावसाळ्यात तिथून धबधबा कोसळत असेल. आता नुसती पोकळी होती. सरलाबाई दर वेळी डावीकडच्या झुडपांतून वळसा घालून तिथं पोचत. तिथून लांबवरचा मुलूख दिसत होता, म्हणून त्यांनी तिथं रचलं होतं. इथून बघणाऱ्याला मात्र तो वळसा दिसत नव्हता. दिसत होता फक्त उतार, आणि तळाशी बोलावणारे पाच दगड.

"डेन्व्हरची लेडी इथेच, या उतारावर पडली," आश्लेषा हळू म्हणाली. "तो मी तेव्हा पाडला होता."

सरलाबाईंनी तो मंगळवारी पुन्हा उभा केला होता. पडलेला दिसला म्हणून.

उतरंडीसमोर प्रतापराव बसलेले होते.

दोघी झुडपांतून वळसा घेत गेल्या. आश्लेषानं दोर सोडवून हातात घेतला आणि दहा पावलांवर सरलाबाईंचा दंड धरून थांबवलं. प्रतापरावांच्या पलीकडं दगड होते, दगडांच्या पलीकडं वीतभर कातळ, आणि मग काही नव्हतं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. बोटांची सालटं निघाली होती.

"अहो."

त्यांनी मान वळवली. "आलीस? बरं झालं. हा कुणाचा, सांग. आपला का त्यांचा? मघापासून बघतोय. आपला असला तर पाडतो. म्हणजे काम झालं." आणि त्यांनी उठायला हात टेकला. पाय आखडले होते. ते एका बाजूला कलले आणि त्यांच्या बुटाखालून एक खडा सुटून कडेवरून गेला. तो पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

आश्लेषाची बोटं सरलाबाईंच्या दंडात रुतली.

"त्यांचा आहे," सरलाबाई म्हणाल्या. "राहू द्या."

"नक्की?"

"नक्की. माझे मला ओळखू येत नाहीत होय? उठू नका. बसल्या बसल्या मागं सरका माझ्याकडं."

"मग आपला कुठं गेला?"

"तो पाडलात की तुम्ही. मी बघितला येताना."

प्रतापरावांनी त्यावर विचार केला. कपाळावरची आठी मोकळी झाली. लहान मुलानं जिना उतरावा तसे ते बसून मागं मागं सरकू लागले, आणि हाताच्या अंतरावर आले तसं आश्लेषानं त्यांना पट्ट्याला धरून ओढलं आणि कमरेला दोर आवळला.

उभं राहिल्यावर त्यांनी अंग झटकलं, घसा साफ केला आणि पोकळीच्या दिशेनं हात दाखवला. "चला, उशीर झाला. इथून उतरलं की ओढा, ओढ्यापलीकडं गाडी." आवाज शांत, ठाम. सत्तेचाळीस वर्षं याच आवाजात त्यांनी संसाराला वाट दाखवली होती. आश्लेषानंही नकळत तिकडं पाहिलं.

सरलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि पाठ फिरवून उलट दिशेनं चालायला लागल्या. नवऱ्याच्या पुढं त्या आयुष्यात कधी चालल्या नव्हत्या. मागून ओढ बसत होती. ते जोर लावत नव्हते, पण त्यांचं वजन सतत त्या कडेकडं जात होतं.

अंधारून आलं. आश्लेषाच्या डोक्यावरचा दिवा पुढं होता, पण खुणा सगळ्या पडलेल्या, कातळ सगळा सारखा. दोनदा ती थांबली आणि मागं वळून म्हणाली, "काकू, इथून लेफ्ट?" सरलाबाईंनी डोळे मिटून मंगळवारचं चालणं आठवलं, कुठं दम लागला, कुठं बसले, आणि सांगितलं, "उजवीकडं."

"हीच वाट ना?" प्रतापरावांनी विचारलं.

"हीच."

शंभर पावलांवर पुन्हा, "हीच वाट ना?"

"हीच."

खाली पोचले तेव्हा मदतीचे लोक नुकतेच आले होते. त्यांनी प्रतापरावांना ब्लँकेटात गुंडाळलं, नाडी पाहिली, गरम पाणी पाजलं. आश्लेषानं टोपी काढली. तिचे केस घामानं चिकटले होते.

"मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, काकू. सगळं."

"लिही. नाव नीट लिही माझं. आणि त्या बाईचं नाव सांग मला."

"ते मला सांगता येत नाही."

"मग तिला माझं सांग."

आश्लेषानं सॅटेलाइट फोन सरलाबाईंच्या हातात ठेवला. सरलाबाईंनी सावनीचा नंबर लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"दसऱ्यापासून?" पलीकडून आवाज आला. "आई, इट्स फेब्रुवारी."

"हो."

"आणि गाडी कोण चालवतंय एवढे महिने?"

"बाबाच."

मग सावनी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "तू बसायचीस शेजारी. रोज."

"रोज."

"आय ॲम कमिंग. कुठेही हलू नका."

फोन परत देऊन सरलाबाई वळल्या तर ब्लँकेट अंगावर घेतलेले प्रतापराव लोकांच्या मागून निघून आरव्हीत जाऊन बसलेले होते, पुढच्या डाव्या खुर्चीत. पट्टा लावलेला, हात स्टिअरिंगवर. सरलाबाई लंगडत त्यांच्या दाराशी गेल्या.

"अहो, खाली उतरा."

"उद्या कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही."

प्रतापरावांनी मान डोलवली. समोरच्या काळ्या काचेत बघत ते म्हणाले, "बरं. पण लवकर निघू."